परिचर्या आणि परीक्षा

परिचर्येच्या परीक्षेसाठी रात्री जागवणाऱ्या मुली आपल्या धर्मग्रामांना नव्या नाहीत. परंतु अशा सरकारी परीक्षेला खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा विरोध होता, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची प्रशिक्षणशाळा निघाली. तेथे प्रत्येक शिकाऊ मुलीचा मासिक तक्ता भरला जाई : वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा. हे गुण प्रश्नपत्रिकेने मोजता येत नाहीत, अशी त्यांची धारणा होती.

सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या माजी मेट्रन एथेल बेडफर्ड फेनविक यांना हे पटेना. त्या काळी कोणीही बाई परिचारिका म्हणवून रुग्णाच्या उशाशी बसू शके. हे थांबवायचे तर तीन वर्षांचे शिक्षण, परीक्षा व सरकारी नोंदवही हवी, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी १८८७ साली त्यांनी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापिली. रुग्णाचे हित पाहता त्यांचेच पारडे जड होते, असे आम्हांस वाटते.

कायदा व्हायला १९१९ साल उजाडले; नाइटिंगेल १९१० सालीच निवर्तल्या होत्या. इंग्लंडच्या नोंदवहीत पहिले नाव लागले ते फेनविकबाईंचे. पहिली सरकारी परीक्षा झाली १९२५ साली. अनुभवी परिचारिकांना परीक्षेविना नोंदणीची सवलत होती. त्यामुळे फेनविकबाईंना ती द्यावीच लागली नाही!