परिचर्या साहाय्यक अभ्यासक्रम : नर्सिंगच्या वाटेवरील पूर्वतयारी

बारावीचा निकाल लागला की 'सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची हमी' अशा आशयाच्या जाहिराती ठिकठिकाणी दिसू लागतात. प्रवेश परीक्षेत कमी गुण मिळालेले, घरची परिस्थिती बेताची असलेले किंवा एखादे वर्ष हाताशी असलेले अनेक विद्यार्थी त्यांकडे वळतात. यातील काही अभ्यासक्रम उपयुक्त आहेत. तथापि, त्यांतून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे शुल्क भरण्यापूर्वीच समजून घेणे अत्यावश्यक आहे.

नाव सारखे, दर्जा वेगळा

परिचारिका म्हणून काम करण्यासाठी राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ही नोंदणी मिळवून देणारे मूलभूत अभ्यासक्रम तीनच आहेत.

ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींसाठी असून त्याचा भर प्रामुख्याने माता-बालसंगोपन व ग्रामीण आरोग्यसेवेवर असतो. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका आहे. बारावीत इंग्रजीसह किमान ४० टक्के गुण असलेल्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला ती करता येते. विज्ञान शाखेला प्राधान्य असते. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी आहे. तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुण आवश्यक असतात. महाराष्ट्रात या पदवीसाठी सामायिक प्रवेश परीक्षा घेतली जाते. तिन्ही अभ्यासक्रमांसाठी वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात.

परिचर्या साहाय्यक किंवा 'जनरल ड्युटी असिस्टंट' हा अभ्यासक्रम या तिन्हींहून वेगळा आहे. तो कौशल्य विकास योजनेखालील प्रशिक्षणात मोडतो. तो काही महिन्यांचा असून रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, उठवणे-बसवणे, बेडपॅन देणे, अंथरूण बदलणे, स्वच्छता राखणे अशी कामे त्यात शिकवली जातात. ही कामे कमी प्रतीची मुळीच नाहीत. परंतु या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही, जी.एन.एम. वा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळत नाही आणि नर्सिंगचा कालावधी एका दिवसानेही कमी होत नाही. पुढे नर्सिंगला गेल्यास पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

मग हा अभ्यासक्रम करावा का?

दोन कारणांसाठी तो करण्याजोगा आहे. पहिले म्हणजे लवकर मिळणारे अर्थार्जन. रुग्णालये, वृद्धाश्रम आणि घरगुती रुग्णसेवा या तिन्ही ठिकाणी प्रशिक्षित साहाय्यकांना मागणी असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. रात्रपाळी, रक्त, मलमूत्र, वेदनेने ओरडणारा रुग्ण आणि मृत्यू यांना सामोरे जाण्याची आपली तयारी आहे काय, हे पुस्तकातून कळत नाही. चार वर्षांच्या पदवीच्या मध्यावर ते कळण्यापेक्षा काही महिन्यांच्या प्रशिक्षणात कळलेले केव्हाही चांगले.

मात्र बारावीचे गुण पुरेसे असतील आणि नर्सिंगचा निर्णय पक्का असेल, तर केवळ 'पाया पक्का व्हावा' म्हणून एक वर्ष खर्च करू नये. मान्यताप्राप्त नर्सिंग अभ्यासक्रमात हीच मूलभूत कामे पहिल्या वर्षी शिकवली जातात.

अभ्यासक्रमापूर्वीची तयारी

लसीकरण : हिपॅटायटिस-बी प्रतिबंधक लसीच्या तीन मात्रा सर्वसाधारणपणे ०, १ व ६ महिन्यांनी घ्याव्या लागतात. म्हणून प्रवेशाची वाट न पाहता डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच सुरुवात करावी. धनुर्वाताच्या लसीचीही खात्री करून घ्यावी.

शारीरिक क्षमता : आठ-दहा तास उभे राहण्याची सवय हवी. रुग्णाला उचलताना कंबरेतून न वाकता गुडघे वाकवून पायांवर भार घेण्याची पद्धत आधीच अंगवळणी पाडल्यास पाठदुखी टळू शकते.

प्राथमिक ज्ञान : निरोगी प्रौढ व्यक्तीच्या नाडीचे ठोके विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला ६० ते १००, तर श्वसन १२ ते २० असते. घरातील मंडळींची नाडी घड्याळ लावून मोजण्याचा सराव करावा. मिलिलिटर, लिटर, ग्रॅम यांचे रूपांतर बिनचूक यायला हवे. रुग्णाने प्यालेले पाणी व झालेली लघवी यांची नोंद याच आकड्यांत ठेवली जाते.

हात धुणे : साबण-पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही सवय लागली तर रुग्णाचे आणि स्वतःचेही रक्षण होते.

भाषा : रुग्णाशी मराठी-हिंदीत बोलावे लागते, पण नोंदी बहुधा इंग्रजीत असतात. दररोज पाच-सहा ओळी इंग्रजीत लिहिण्याचा सराव पुढे नर्सिंगलाही उपयोगी पडेल.

मर्यादा ओळखा

साहाय्यकाला इंजेक्शन देण्याचा, सलाइन लावण्याचा किंवा औषधाचे प्रमाण ठरवण्याचा अधिकार नाही. मनुष्यबळाच्या कमतरतेमुळे अशी कामे साहाय्यकांवर सोपवली जाण्याचा धोका असतो. अनुभव मिळतो म्हणून ती स्वीकारणे रुग्णाच्या जिवाशी खेळ ठरेल आणि चूक झाल्यास उत्तरदायित्व साहाय्यकावरही येईल. 'हे माझ्या प्रशिक्षणात बसत नाही, सिस्टरांना बोलावते' असे नम्रपणे सांगता येणे, हाही प्रशिक्षणाचाच भाग होय.

याउलट, निरीक्षण हे साहाय्यकाचे खरे बलस्थान आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलताना पाठीवरील लालसरपणा प्रथम त्याच्याच दृष्टीस पडतो. तो वेळीच परिचारिकेला सांगितला, तर त्याची जखम होणे टळू शकते.

शुल्क भरण्यापूर्वी विचारा

- प्रमाणपत्र कोण देणार? त्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर संस्थेचे नाव आहे काय?
- प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती तासांचे आणि कोणाच्या देखरेखीखाली होईल?
- संस्था अभ्यासक्रमाला 'नर्सिंग' म्हणत असेल, तर तिचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे काय?
- एकूण शुल्क किती? लेखी पावती मिळेल काय?

मूळ गुणपत्रिका संस्थेकडे ठेवू नये. नर्सिंगच्या प्रवेशाच्या वेळी तीच अडकून पडली तर वर्ष वाया जाते. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला आहे. त्यामुळे ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीचे नियम अधिकृत माहितीपत्रकातूनच पाहावेत.

साहाय्यकाचे काम हे स्वतंत्र व सन्मानाचे काम आहे, परंतु ते परिचारिकेच्या पदवीचा पर्याय नव्हे. हा फरक ध्यानात ठेवून प्रवेश घेणाऱ्याला त्या काही महिन्यांचा लाभच होईल. तो न कळता प्रवेश घेणाऱ्याचे मात्र पैसे आणि उमेदीचे वर्ष दोन्ही पणाला लागतात. पालकांनी पाल्याबरोबर बसून वरील प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत आणि मगच निर्णय घ्यावा.