यजमान कोण?

परिषद भरविणे हे विद्वत्तेचे काम आहे, असे आपल्याकडे समजले जाते. खरे तर ते आधी यजमानपणाचे काम आहे, आणि या देशात यजमानपणालाही जात आहे. ज्याच्या घरचे पाणी चालत नाही, त्याने कोणाला जेवायला बोलवायचे? गावात सरकारी पाहुणा उतरला की त्याचे ओझे वाहणे, घोड्याला वैरण आणणे, सरपण फोडणे, सांगावा पोचविणे ही सारी कामे महारवतनात होती. पाहुणचाराचे कष्ट आमचे आणि यजमान मात्र पाटील! १९५८च्या कायद्याने ते वतन गेले. मनातून ते कितपत गेले, हा प्रश्न वेगळा.

हे सांगण्याचे कारण असे की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आम्ही काही शिक्षक-कार्यकर्ते इतिहासाची एक परिषद आपल्या भागात बोलवावी अशा खटपटीत आहोत आणि निमंत्रणाचा मसुदा माझ्याकडे आला आहे.

निमंत्रणालाही इतिहास असतो. १८८५ साली महादेव गोविंद रानड्यांनी जोतीराव फुल्यांना मराठी ग्रंथकारांच्या सभेला बोलावले. जे शूद्रातिशूद्रांना माणुसकीचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभांशी आपला मेळ बसणार नाही, अशा आशयाचे पत्र लिहून जोतीरावांनी नकार दिला. दुसऱ्याच्या मांडवात न जाण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. स्वतःचा मांडव घालायला मात्र पुढे बराच काळ जावा लागला. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचे उद्घाटन केले. त्या दिवशी आपण यजमान झालो.

इतिहासाच्या क्षेत्रात ते अजून व्हायचे आहे. इंडियन हिस्टरी काँग्रेसचा जन्म १९३५ साली पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळात झाला. तिचे ७९वे अधिवेशन डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याच्या विद्यापीठात व्हायचे होते. निधी नसल्याचे कारण देऊन विद्यापीठाने ऐनवेळी यजमानपद सोडले आणि अधिवेशन फेब्रुवारी २०१९ मध्ये भोपाळला भरले. कारण पैशाचे सांगितले गेले. त्यापलीकडे मी काही सुचवीत नाही. एवढे मात्र नोंदवतो की त्याच वर्षाच्या १ जानेवारीला कोरेगाव भीमा परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली होती. इतिहासावर शांतपणे बोलण्याची गरज त्या वर्षाइतकी क्वचितच कधी भासली असेल.

आता आमच्याकडे काय आहे? घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८पासून डेक्कन कॉलेजने तेथे अनेक हंगाम उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या कामाने ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची एक अख्खी वसाहत जगापुढे आली. त्यांचा ग्रंथ मोठा आहे. पण त्या खोदकामावर टोपल्या वाहिलेल्या माणसांच्या आठवणींसाठी परिषदेत एक बैठक हवी, असे मी मसुद्यात लिहिले आहे. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची सुमारे आठशेंची तुकडी येथूनच निघाली. ज्या जयस्तंभाला १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी भेट दिली, त्यावरील 'नाक' प्रत्ययाच्या नावांची माणसे आदल्या रात्री या शिरूरच्या रस्त्याने चालली होती. स्तंभ पेरण्याच्या हद्दीत, म्हणजे हवेलीत, आणि कोरेगाव शिरूर तालुक्यात. अभ्यासक पुण्याहून येतो, स्तंभ पाहतो आणि परत जातो. शिरूरची छावणी त्याच्या वाटेत येतच नाही. त्याच छावणीतल्या कर्नल वॉलेसची कबर लोक 'सतपुरुष' म्हणून पूजीत आले. इंग्रज सेनाधिकाऱ्याचा देव कसा होतो, यावर एक निबंध सहज होईल.

वढू बुद्रुकचा विषय अवघड आहे. तेथे संभाजीराजांची समाधी आहे आणि गोविंद गोपाळ यांचीही. राजांचे अंत्यसंस्कार कोणी केले यावर दोन परंपरा सांगितल्या जातात. डिसेंबर २०१७च्या अखेरीस तंटा पेटला तो याच फलकावरून. आमच्यातल्या काहींचे म्हणणे, हा विषय टाळावा. मला ते पटत नाही. दोन्ही बाजूंची कागदपत्रे आणि मौखिक परंपरा एका मेजावर याव्यात. आपली परंपरा तपासणीला घाबरत असेल, तर आपण परिषद बोलावूच नये.

दौंडने पाहुण्यांची सोय होते. सोलापूर आणि मनमाड हे दोन्ही लोहमार्ग तेथे मिळतात. वाटेवर केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापले गेले आणि त्यासाठी खिळे जुळविणारे हात आश्रमातल्या स्त्रियांचे होते. मुद्रणाच्या इतिहासात या बायकांना किती ओळी मिळाल्या, तेही कोणी मोजावे.

अडले ते स्वयंपाकावर. आमच्याच एका शिक्षक मित्राने सुचविले, आचारी 'सर्वांना चालेल असा' पाहा. तो आपलाच माणूस, शिकलेला. 'सर्वांना' म्हणजे कोणाला, असे मी विचारल्यावर तो गप्प झाला. मग ठरले की वस्तीतल्या बायका रांधतील, बाजरीची भाकरी आणि पिठले. ज्याला चालणार नाही त्याने आपला डबा आणावा. जेवणाचे हे कलम मी मसुद्यात निबंधांच्या विषयांच्याही वर घातले आहे. निमंत्रणावर एखाद्या संस्थेच्या प्रमुखाची सही लागते. त्यासाठी दोन ठिकाणी जाऊन आलो. दोघांनीही मसुदा ठेवून घेतला आहे.