चोच दिली, पण चारा?

ज्यानं चोच दिली तो चाराही देईल, असं आपली जुनी माणसं म्हणत. अडल्यानडल्याला धीर देणारी ही म्हण. पण दिलेली चोच धड आहे, हे या म्हणीनं गृहीतच धरलं आहे. समजा, ती चोचच वाढत वाढत दाभणासारखी लांब झाली, किंवा तिचे दोन भाग उघड्या कात्रीसारखे एकमेकांवर चढले, तर काय होईल? समोर दाण्यांनी भरलेलं भांडं असूनही पक्षी उपाशी राहील. अशा पक्ष्यांची आणि त्यांना ओळखू पाहणाऱ्या माणसांची ही हकीगत आहे.

पक्षी ओळखताना आपली नजर आधी चोचीवर जाते. पोपट, खंड्या, धनेश, चमचा ही मंडळी तर चोचीवरूनच ओळखली जातात. पक्ष्यांची पुस्तकंही आपल्याला तेच शिकवतात. दाणे टिपणाऱ्याची चोच आखूड आणि जाड, मध पिणाऱ्याची बारीक आणि वाकडी, शिकाऱ्याची आकडीसारखी. म्हणूनच चोच बिघडली की पाहणारा गोंधळतो. अंगणात रोज येणाराच पक्षी त्याला परमुलखातला पाहुणा वाटू लागतो.

वेगळी चोच दिसली की पहिला प्रश्न येतो तो हा, की हे व्यंग आहे की त्या पक्ष्याची जातच तशी आहे? हा प्रश्न फार जुना आहे. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सच्या मठात मॅथ्यू पॅरिस नावाचा इतिवृत्तकार राहत होता. १२५१ सालच्या नोंदींत तो लिहितो, की यंदा फळांच्या हंगामात बागांमध्ये अनोळखी पक्षी आले, त्यांच्या चोचीचे भाग एकमेकांना छेदून गेलेले होते, आणि त्या चोचींनी सफरचंदं फोडून ते आतल्या बिया तेवढ्या खात होते. हे पक्षी म्हणजे क्रॉसबिल. त्यांची चोच जातीनंच वाकडी असते, आणि सूचिपर्णी झाडांच्या फळांतले खवले उचकटून बी काढायला ती अगदी सोयीची. येशूच्या हातापायांतले खिळे उपटू पाहताना या पक्ष्याची चोच वाकली, अशी लोककथा युरोपात पुढे रूढ झाली. आपल्याकडे तळ्याकाठी दिसणारा मुग्धबलाक घ्या. त्याच्या मिटलेल्या चोचीतही मधोमध फट राहते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याची चोच मोडली. ती मोडलेली नसते, गोगलगायी धरून खाणाऱ्याची ती चोच आहे. तेव्हा पहिला नियम असा, की थव्यातल्या सगळ्यांचीच चोच तशी असेल तर ती त्यांची जात, आणि एखाद्याचीच असेल तर काहीतरी बिघडलं आहे.

चोचीनं जाणत्यांनाही चकवलं आहे. न्यूझीलंडमधल्या हुइया पक्ष्याच्या नराची चोच आखूड आणि मजबूत, तर मादीची लांब आणि कमानदार होती. १८३७ साली प्रख्यात पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी त्यांचं वर्णन दोन वेगवेगळ्या जाती म्हणून केलं. हा पक्षी आता पृथ्वीवर उरलेला नाही. तो खात्रीनं दिसला त्याला १९०७ साल उजाडलेलं होतं, त्यानंतर नाही.

व्यंग असलेल्या चोचींची नोंद मात्र बराच काळ नवलाच्या गोष्टी म्हणूनच होत राहिली. कुणाला वाकड्या चोचीची मैना दिसली, कुणाला लांब चोचीचा कावळा. नियतकालिकात चार ओळी छापून यायच्या आणि विषय संपायचा. १९६२ साली 'ब्रिटिश बर्ड्स' या मासिकात पोमरॉय यांनी अशा विखुरलेल्या नोंदी एकत्र करून मोठा लेख लिहिला. निसर्गात अशा चोची अगदी थोड्या, शंभरात एखादाही पक्षी सापडायची मारामार. दुखापत, जन्मजात दोष, खाण्यातली उणीव, अशी कारणं प्रत्येक पक्ष्यागणिक वेगळी असू शकतात. एकटादुकटा पक्षी दिसला, तर त्यावरून साऱ्या परिसराविषयी काही म्हणता येत नव्हतं.

पुढच्या काही वर्षांत चित्र पालटलं, कारण एकाच जागी अनेक पक्षी सापडू लागले. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या पंचमहासरोवरांच्या परिसरात पाणकावळ्यांच्या पिलांच्या चोची कात्रीसारख्या झालेल्या आढळल्या. संशयाची सुई कारखान्यांतून पाण्यात मिसळणाऱ्या पीसीबीसारख्या रसायनांकडे वळली. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयावर तर भयंकर दृश्य दिसलं. अंड्यांमधली पिलं मेलेली होती. कुणाला डोळे नव्हते, कुणाची चोच पिळवटलेली होती. हॅरी ओलेनडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधलं, तेव्हा ते सेलेनियम निघालं. शेतीला दिलेलं पाणी जमिनीतलं सेलेनियम विरघळवून चरांवाटे या जलाशयात आणत होतं, आणि ते पाण्यातल्या किड्यांमधून पक्ष्यांच्या पोटात जात होतं. अखेर ते पाणी बंद करावं लागलं आणि जलाशय मातीनं बुजवावा लागला. तेव्हापासून अभ्यासकांच्या मनात एक समीकरण पक्कं बसलं. वाकड्या चोची वाढल्या, की पाण्यात किंवा मातीत विष शोधायचं.

या पार्श्वभूमीवर १९९०च्या दशकाच्या अखेरीला अलास्कातून बातम्या येऊ लागल्या. अलास्का म्हणजे अमेरिकेचं अगदी उत्तरेकडचं राज्य. तिथे अँकरेज शहराच्या आसपास लोक हिवाळ्यात घराबाहेर पक्ष्यांसाठी सूर्यफुलाच्या बिया टांगून ठेवतात. तेही फक्त नोव्हेंबर ते मार्च, कारण इतर महिन्यांत त्या बियांच्या वासानं अस्वलं दारात येतात. या दाण्यांवर नेमानं येणारा पक्षी म्हणजे काळ्या टोपीचा चिकॅडी. आपल्याकडच्या वल्गुलीचा, म्हणजे काही लोक जिला रामगंगा म्हणतात तिचा, हा भाऊबंद. वजन जेमतेम १०-१२ ग्रॅम. तरीही तो थंडीला भिऊन दक्षिणेकडे जात नाही. बिया ठिकठिकाणी दडवून ठेवतो, रात्री अंगाचं तापमान कमी करून ऊर्जा वाचवतो. डिसेंबरात अँकरेजला दिवस साडेपाच तासांचा. तेवढ्या उजेडात पोट भरलं तरच रात्र निभावते. त्यातून सूर्यफुलाची बी पायांत धरून ठोकून फोडावी लागते, म्हणजे सगळी भिस्त चोचीवर.

आणि नेमक्या याच पक्ष्यांच्या चोची बिघडलेल्या लोकांना दिसू लागल्या. कुणाची वरची चोच खाली वळून हनुवटीखाली गेलेली, कुणाची खालची वर वळलेली, कुणाची दोन्हीकडे फाकलेली. हा कुठला पक्षी, असं लोक विचारू लागले. लांब वाकड्या चोचीमुळे चिकॅडीचा चेहरा खरोखरच ओळखू येत नसे. अशा वेळी जाणकार एक साधी युक्ती सांगतात. चोचीवर बोट ठेवून ती झाकली आहे असं समजा आणि बाकीचा पक्षी पाहा. डोक्यावर काळी टोपी, गळ्याखाली काळा डाग, गाल पांढरे, पाठ करडी, आणि आवाज स्वतःचंच नाव घेणारा. मग तो कोण हे लगेच कळतं.

अमेरिकी भूगर्भशास्त्र सर्वेक्षणाच्या अलास्का विज्ञान केंद्रातल्या कॉलीन हँडल यांनी या विचारणा बाजूला सारल्या नाहीत. त्यांनी लोकांना आवाहन केलं, की असा पक्षी दिसला तर कळवा. गृहिणी, शाळकरी मुलं, निवृत्त मंडळी, सगळ्यांनी खिडकीतून पाहून कळवलं. संशोधकांनी जाळी लावून पक्षी पकडले, पायांत कडी अडकवली, मोजमापं घेतली. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन हजारांहून अधिक चिकॅडी आणि शिवाय सुमारे ३० इतर जातींतले पक्षी नोंदले गेले होते. दक्षिण-मध्य अलास्कातल्या प्रौढ चिकॅडींपैकी सरासरी साडेसहा टक्क्यांची चोच बिघडलेली होती. किनाऱ्यावरच्या कावळ्यांत तर हे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास भरलं. रानातल्या पक्ष्यांत इतकी मोठी संख्या पूर्वी कुठेच नोंदली गेलेली नव्हती.

बिघाड कुठे आहे, हेही कळलं. चोच आतून हाडाची असते आणि तिच्यावर केराटिनचं, म्हणजे आपल्या नखासारखं, आवरण असतं. ते जन्मभर वाढतं आणि झिजत राहतं. या पक्ष्यांत तेच आवरण जवळजवळ दुप्पट वेगानं वाढत होतं. कॅरोलिन व्हॅन हेमर्ट यांनी हे दाखवून दिलं. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. केस्टरसनला पिलं अंड्यातच बिघडली होती. इथे धडधाकट मोठे पक्षी बिघडत होते. लांब चोचीनं पिसं साफ करता येत नाहीत. अंग मळतं, पिसं चिकटतात आणि थंडी आत शिरते. मऊ चरबी आणि सोललेले दाणे मिळाले तर असे पक्षी आडवी मान करून कसेबसे खातात.

साहजिकच सगळ्यांनी आधी विष शोधलं. कीटकनाशकं, पीसीबी, जड धातू, जीवनसत्त्वांची कमतरता, सगळं तपासून झालं. पण या साऱ्या पक्ष्यांना लागू पडेल असं एक कारण हाती येईना. यात बरीच वर्षं गेली. मग वेगळ्या दिशेनं तपास झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोसेफ डेरिसी यांची प्रयोगशाळा आहे. २००३ साली सार्सचा विषाणू ओळखण्यात या प्रयोगशाळेचा वाटा होता. तिथे मॅक्सिन झिल्बरबर्ग आणि सहकाऱ्यांनी आजारी पक्ष्यांच्या पेशींतली सगळी जनुकीय सामग्री वाचून काढली. तीत एक अनोळखी विषाणू सापडला. पोलिओ आणि सर्दीचे विषाणू ज्या कुळातले, त्याच कुळातला. चिकॅडीच्या शास्त्रीय नावावरून त्याला पोइसीव्हायरस म्हणतात. हा शोध २०१६ साली प्रसिद्ध झाला. २०१८ सालच्या पुढच्या तपासणीत २८ आजारी चिकॅडींपैकी २८ जणांत तो मिळाला, तर धड चोचीच्या ९६ पक्ष्यांपैकी फक्त ९ जणांत. चोचीच्या पेशींतच तो वाढत असल्याचंही दिसलं. पुढे वाकड्या चोचीच्या इतर जातींतही तो आढळला. त्यामुळे संशय बळकट झाला आहे. पण निरोगी पक्ष्याला या विषाणूची लागण होऊन चोच वाढली, असा थेट पुरावा मिळाल्याशिवाय खटला संपला असं शास्त्रज्ञ म्हणत नाहीत.

या साऱ्या इतिहासातून घ्यायचं ते हे. वाकडी चोच एकच असली तरी तिच्यामागची कारणं अनेक असतात. केस्टरसनला विष शोधणारे बरोबर होते. पण तेच उत्तर घेऊन अलास्कात शोधणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. तिथे खरा उपयोग झाला तो वर्षानुवर्षं जमलेल्या नोंदींचा. कुठे, केव्हा, कोणती जात, लहान की मोठी, या साध्या माहितीनं तपासाला आकार दिला. इंग्लंडमध्येही ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या संस्थेनं २०१० साली बागेतल्या वाकड्या चोचींच्या नोंदी लोकांकडून मागवायला सुरुवात केली.

आपल्याकडेही गच्चीत, खिडकीत पक्ष्यांसाठी दाणापाणी ठेवण्याची जुनी चाल आहे. तिथे कधी अशी चोच दिसली तर पक्ष्याला हुसकू नका आणि पकडून चोच कापायचा उद्योग तर मुळीच करू नका. चोचीत रक्तवाहिन्या असतात. दुरून छायाचित्र काढा, तारीख आणि ठिकाण टिपून ठेवा, आणि जवळच्या पक्षिमित्रांना किंवा पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. दाण्यापाण्याची भांडी काही दिवस उचलून ठेवा. ती घासून धुवा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांत बुडवून काढा, खळखळून धुऊन उन्हात वाळवा, मगच पुन्हा मांडा. एरवीही दर पंधरवड्याला हे करावं. कारण एकाच भांड्यावर अनेक चोची जमतात, आणि ते भांडं आपण ठेवलेलं असतं.