यू-२ प्रकरण : तळटीप

यू-२ : अमेरिकेचे अतिउंचावरून उडणारे टेहळणी विमान. येथे उल्लेखिलेले विमान १ मे १९६० रोजी पेशावरहून निघाले आणि सोव्हिएत संघात स्वेर्दलोव्स्कजवळ क्षेपणास्त्राने पाडले गेले. वैमानिक वाचला नसेल असे धरून अमेरिकेने ते हवामान-संशोधनाचे विमान असल्याचे जाहीर केले. वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत असल्याचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी ७ मे रोजी सांगताच ती थाप उघडी पडली. १९६२ मध्ये रुडॉल्फ आबेल या सोव्हिएत हेराच्या बदल्यात पॉवर्स सुटले. लेखक येथेच थांबतो, हे अन्यायाचे आहे. यू-२ पाडतानाच्या गोंधळात सोव्हिएत क्षेपणास्त्राने स्वतःचेच मिग-१९ पाडले आणि त्याचा वैमानिक सर्गेई साफ्रोनोव्ह मारला गेला. सोव्हिएत सरकारने त्याचा मृत्यू कित्येक वर्षे दडवून ठेवला. वाचकाने हेही नाव लक्षात ठेवावे. — संपादक