कानामागची रेघ

दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळा विकत घेताना त्याच्या तोंडाकडे बघू नये, कानामागे बघावे. तोंडाचे काय, मिशीचा एक झुपकेदार फटकारा मारला की कसलाही मावळा शूर दिसतो. पण कानामागून निघून खांद्यावरून थेट टाचेपर्यंत एक बारीक उभी रेघ गेलेली असते, ती खोटे बोलत नाही. ती साच्याच्या दोन अर्धांची शिवण. बँकेत वीस वर्षे दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात गेल्यामुळे माझा चेहऱ्यापेक्षा रेघांवर जास्त विश्वास आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आता कोणी विचारील, हिंगोलीच्या माणसाला मावळ्यातले काय कळते? प्रश्न रास्त आहे. किल्ल्याचे वेड मुळात पुण्या-साताऱ्याकडचे. आमच्याकडे मातीला भाव येतो तो पोळ्याला, आणि तोही बैलांच्या रूपात. शिवाय आमच्या गावाने खरेच शिपाई भरपूर पाहिले. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेची छावणी १९०३ पर्यंत हिंगोलीत होती. ज्यांच्या दाराशी जिवंत पलटण कवायत करते, ते मातीची कशाला विकत घेतील?

पण गोष्ट साच्याची निघाली, तर मराठवाड्याने मान खाली घालायचे कारण नाही. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर. पेरिप्लस नावाच्या ग्रीक पुस्तकात पैठणच्या जोडीने त्याचे नाव येते. इथला माल तेव्हा भडोच बंदराकडे जात असे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी या गावात आयुष्यभर जुन्या वस्तू गोळा केल्या, त्यांचे तिथे आता सरकारी संग्रहालय आहे. त्यात सातवाहन काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या मूर्ती आहेत. काही साध्या मातीच्या, काही केओलिन या पांढऱ्या चिकणमातीच्या. यांची रीत अशी: पुढची बाजू एका साच्यात दाबायची, पाठ दुसऱ्या साच्यात, मग दोन्ही अर्धे एकमेकांना चिकटवायचे. आत पोकळ. भरीव ठेवली तर भट्टीत तडकते. ही दोन साच्यांची युक्ती रोमन व्यापाराबरोबर आली असावी असे बरेच अभ्यासक मानतात. परदेशी कोलॅबरेशन आम्ही तेव्हापासून करतो आहोत. फक्त तेव्हा त्याचे उद्घाटन करायला मंत्री येत नसत.

आणि दोन अर्धे म्हटले की रेघ आलीच.

या रेघेने मूर्तीचा स्वभावसुद्धा ठरवला. कडक साचा सरळ उचलून निघाला पाहिजे. आत वळलेला, बाहेर लोंबलेला भाग असला की तो अडकतो आणि हात साच्यातच राहतो. म्हणून साच्यातला मातीचा मावळा हात अंगासरशी ठेवून उभा असतो. समोर अफझलखान आला तरी तो कोपर हलवत नाही. आम्हाला लहानपणी वाटे की ही लष्करी शिस्त आहे. ती साच्याची शिस्त होती. ज्याला तलवार उगारायची असेल त्याचा हात वेगळा करून मागाहून चिकटवावा लागे, आणि अशी तलवार लक्ष्मीपूजनापर्यंत टिकली तर तो विक्रम समजावा.

माती वाळताना आकसते, म्हणून साच्यातून आपोआप सुटते. पण आकसताना नाकही थोडे घेऊन जाते. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस आले. ते घट्ट होताना किंचित फुगते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरते. मावळ्यांची नाके एकदम पेशवाई झाली. फक्त पाण्यात विरघळायचे गुण गेले.

तिकडे विलायतेत १८९३ साली ब्रिटन नावाच्या खेळणीवाल्याने शिशाचे पोकळ शिपाई काढले. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे, कडेला पापुद्रा धरला की उरलेले परत ओतून घ्यायचे. वाण्याने तेल मापावे तशी ही पद्धत. १९७४ साली अमेरिकेत डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ निघाला आणि शिपायांच्या बरोबरीने राक्षस, चेटकिणी, पंखवाले अजगर यांच्या लहान मूर्तींनाही गिऱ्हाईक आले. आता त्यांच्यासाठी रेझिन वापरतात. दोन बाटल्यांतले द्रव मिसळायचे आणि सिलिकॉन रबराच्या साच्यात ओतायचे. रबर वाकते, त्यामुळे अडकण्याची भीती कमी. अजगराला हवे तितके आळोखेपिळोखे देता येतात.

असा एक अजगर पुण्याच्या भाच्याने आमच्या घरी आणला. किंमत साडेचार हजार. खोक्यात अजगर नव्हताच, अजगराचे सतरा तुकडे होते.

"मामा, जोडायची तर मजा आहे," तो म्हणाला.

मजा अशी. आधी तुकडे साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण साच्याचे तेल लागलेले असते. तेलावर रंग बसत नाही. रस ज्या वाटेने ओतला तिथले देठ कापायचे. वाकडी शेपटी गरम पाण्यात बुडवून सरळ करायची. प्रत्येक सांधा आधी गोंद न लावता बसवून बघायचा. (आमच्या औंढा नागनाथाच्या देवळातले जुने दगड असेच एकमेकांत बसवलेले आहेत, त्यांना गोंद पुढेही लागला नाही.) पंख जड असेल तर दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून आत तार घालायची. आणि रेघ घासायची, तीही पॉलिशपेपर ओला करून, कारण ती पूड छातीला वाईट.

मी भिंग काढले आणि अजगराचा कान शोधला. कानामागे रेघ होती! चांगली जाड. जाड रेघ म्हणजे साचा दमलेला. रबराचा साचा काही डझन नगांनंतर सैल पडतो. डावा गाल उजव्यापेक्षा केसभर वर, म्हणजे साच्याचे अर्धे सरकलेले. नखाच्या टोकाला खड्डा, म्हणजे हवेचा बुडबुडा अडकलेला. चेक असता तर मी परत पाठवला असता.

"आजकाल छापलेले मिळतात, त्यांना शिवण नसते," भाचा म्हणाला. तेही त्याने दाखवले. खरेच शिवण नव्हती. छपाईत रेझिनचा थरावर थर चढतो, त्या थरांच्या अंगभर आडव्या रेघा होत्या. शिवाय छापताना आधाराला लावलेल्या काड्यांचे व्रण. एक रेघ जाऊन शंभर आल्या.

मी कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे माझी शंका वेगळीच. घासण्याची मजुरी कोणाच्या खात्यात? कुंभार ओल्या बोटाने रेघ पुसतो, सुकवतो, भाजतो, रंगवतो, आणि मावळा तयार हातात ठेवतो, वर आपण म्हणतो, "पाचाला दोन द्या." साडेचार हजारांचा अजगर मात्र भाच्याने तीन रविवार घासला, आणि ती मजुरी त्याने छंद या सदरात दाखवली.

गेल्या पोळ्याला आमच्या मंडळींनी मातीच्या बैलजोडीवरून कुंभारणीशी दहा रुपयांची घासाघीस केली. जोडी घरी आल्यावर मी भिंगाखाली धरली. पाठीवर रेघ कुठेच नव्हती. जिथे असायला हवी होती तिथे अंगठ्याचा ठसा होता, स्पष्ट. पेन्शनच्या कागदावर घेतो तसा.