गडावरची चाकरी सुटली तेव्हां

चाकरी सुटणें दोन प्रकारचें असतें. एखाद्याच्या हातून कसूर होते आणि धनी त्याला घरीं बसवितो. त्यांत दुःख असलें तरी कोडें नसतें. दुसरा प्रकार याहून कठीण. माणसाची कसूर कांहींच नसते, काल तो ज्या रीतीनें पहारा करीत होता त्याच रीतीनें आजहि करावयास तयार असतो; पण जागाच नको झालेली असते. ज्या कामाकरितां बापानें आणि आजानें आयुष्य वेंचलें, त्या कामाची जगाला गरज उरलेली नाहीं असें एके दिवशीं त्याला कोणी परका अंमलदार येऊन सांगतो. 1818 सालीं अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, पश्चिम टोकाला हाच प्रसंग एका माणसावर नव्हे, एका सबंध जमातीवर आला. त्यांतून वाट काढण्याचा तिचा खटाटोप पुढें पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला होता.

हें पश्चिम टोंक म्हणजे अकोले तालुक्याचा डांगी मुलूख. कळसूबाईचें शिखर येथेंच. प्रवरा आणि मुळा या दोन्ही नद्या येथेंच उगम पावतात. हरिश्चंद्रगड, रतनगड, कुंजरगड, पट्टा, बितनगड असे किल्ले या डोंगरांत जागोजाग उभे आहेत, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्याच्या शिवेवर अलंग, मदन व कुलंग हें दुर्गम त्रिकूट आहे. पाऊस अतोनात, जमीन थोडी. भात, नाचणी आणि वरई एवढेंच पीक. येथें राहणाऱ्या महादेव कोळ्यांचें पोट केवळ या खडकाळ शेतावर कधींच भरलें नाहीं. त्यांचा खरा आधार होता गड. गडाखालच्या मेटांवर पहारा ठेवणें, घाटवाटा राखणें, रात्रीं अपरात्रीं खबर पोंचविणें, हीं कामें कोळी नाईकांच्या हाताखालीं चालत. मोबदला कोठें धान्यांत, कोठें रोकड, कोठें जमिनीच्या रूपानें मिळे. पण त्याहूनहि मोठी गोष्ट अशी कीं, गडाच्या चाकरीनें नाईकाला नाईकपण मिळे. त्याच्या शब्दावर पन्नास माणसें उठत, कारण त्या पन्नासांची भाकर त्याच्या शब्दावर अवलंबून असे.

पेशवाईंत हें नातें नेहमींच गोडीचें होतें असें मुळींच नाहीं. 1760 च्या सुमारास जावजी बांबळे या नाईकानें बंड पुकारलें आणि सुमारें वीस वर्षें तो डोंगरांत राहून सरकारला दाद देत नव्हता. शेवटीं तुकोजी होळकरांनीं मध्यस्थी केली. जावजीनें आपल्या ताब्यांतले किल्ले स्वाधीन केले, त्याला माफी मिळाली, आणि साठ गांवांच्या लष्करी व पोलिसी बंदोबस्ताचें काम त्याच्याकडेच सोंपविण्यांत आलें. चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या, असें कोणी म्हणेल. पण तो मुलूख ज्यांनीं पाहिला आहे त्यांना या व्यवहारांतलें शहाणपण दिसेल. तेथें वाटा ज्याला ठाऊक, राखण त्यानेंच करावयाची. दुसऱ्या कोणाला ती साधणारीच नव्हती. पुढें 1798 सालीं भांगरे घराण्यांतले तिघे भाऊ, गोविंदजी, मानाजी आणि वाळोजी, पुन्हां उठले. बांबळे आणि भांगरे हीं दोन नांवें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत, कारण या इतिहासांत तीं वारंवार भेटतात.

1818 च्या एप्रिल महिन्यांत त्र्यंबकचा किल्ला पडला आणि आसपासचे गड बहुतेक न लढतांच इंग्रजांच्या हातीं आले. जूनमध्यें बाजीराव शरण गेला. नगरला पहिला कलेक्टर म्हणून कॅप्टन हेन्री पॉटिंजर आला. हाच गृहस्थ पुढें नानकिंगचा तह करून हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला. नव्या सरकारच्या दृष्टीनें डोंगरी किल्ला ही एक निरुपयोगी आणि धोक्याची वस्तु होती. निरुपयोगी, कारण कंपनीची सत्ता मैदानांतल्या छावण्यांवर आणि तोफखान्यावर उभी होती. धोक्याची, कारण उद्यां कोणी बंडखोर त्यांत जाऊन बसला तर त्याला काढणें महाग पडणार. म्हणून कड्यांत कोरलेल्या पायऱ्या सुरुंग लावून उडविण्यांत आल्या आणि गडांवरची शिबंदी कमी होत गेली. हिशेबाच्या वहींत ही चांगली काटकसर दिसली असेल. पायरीबरोबर पायरीचा राखणदारहि उडाला, हें त्या वहींत कोठें लिहावयाचें?

एल्फिन्स्टन हा जुन्या व्यवस्थेचा विध्वंस करणारा माणूस नव्हता. होतां होईल तों जुनें चालूं ठेवावें असेंच त्याचें धोरण होतें. कांहीं नाईकांना पोलिसांत घेण्यांत आलें. पण पोलिसांतल्या जागा मोजक्या, आणि गडावरून उतरलेले हात पुष्कळ. बाकीच्यांपुढें नांगराशिवाय दुसरें साधन नव्हतें. नांगर धरावा तर जमीन अपुरी. सारा भरावयाचा रोख पैशांत. आणि रोख पैसा असे तो सावकाराच्या पेटींत. पूर्वीं पहाऱ्यामुळें पिकाची तूट भरून निघे. आतां ती कर्जानें भरूं लागली. नोकरी गेल्याची झळ पहिल्या वर्षीं फारशी लागत नाहीं, घरांत कांहीं शिल्लक असते. ती लागते पांचव्या, सातव्या वर्षीं. म्हणूनच किल्ले 1818 सालीं गेले तरी कोळी उठले ते 1828 सालीं, या दहा वर्षांच्या अंतराचें नवल वाटावयास नको.

या उठावाचा पुढारी रामजी भांगरे हा उपाशी माणूस नव्हता. तो पोलिसांत जमादार होता. म्हणजे नव्या व्यवस्थेंत ज्यांना जागा मिळाली त्या थोड्या भाग्यवानांपैकीं एक. पण पूर्वापार वसूल होत आलेली एक बाब घेण्यास त्याला सरकारी हुकुमानें मनाई झाली, आणि त्यानें राजीनामा दिला. इंग्रज अंमलदारांना ही गोष्ट किरकोळ हक्काची वाटली असावी. रामजीला ती तशी वाटणें शक्य नव्हतें. सभोंवतालच्या शेंकडों घरांतल्या जागा गेलेल्या तो पाहत होता. आज हक्क गेला, उद्यां जमादारीहि जाईल, हें ओळखण्यास त्याला ज्योतिषाची गरज नव्हती. गडावरचे बेकार शिपाई आणि हा नोकरी सोडलेला जमादार एकत्र आले. रामा किरवा हा दुसरा नाईक त्यांना मिळाला. कॅप्टन मॅकिंटॉशनें घाटवाटा रोखून, रसद तोडून, 1830 सालीं हें बंड मोडलें आणि रामा किरव्याला नगर येथें फांशी देण्यांत आलें. मॅकिंटॉशची एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. ज्यांच्याशीं तो लढला त्यांच्या चालीरीतींचा, कुळांचा आणि पूर्वेतिहासाचा त्यानें बारकाईनें अभ्यास केला आणि महादेव कोळ्यांवर एक विस्तृत वृत्तांत लिहिला. याच सुमारास पुरंदरच्या बाजूला उमाजी नाईकाचें बंड चाललें होतें, आणि तेथेंहि रामोशी हे पहारेकरीच होते.

पुढें बारा-चौदा वर्षें लोटलीं. नंतर रामजीचा मुलगा राघोजी उभा राहिला. तो देवगांवचा. बापाची जागा आपल्याकडे येईल अशी त्याची अपेक्षा होती असें सांगतात. ती पुरी झाली नाहीं. 1844 पासून त्याच्या टोळ्या नगर, पुणें, नाशिक आणि ठाणें या मुलखांत फिरूं लागल्या. त्यांचा रोख कोणावर होता हें पाहण्यासारखें आहे. बापाच्या वेळीं तक्रार होती ती तुटलेल्या चाकरीची. मुलाच्या वेळीं चाकरीची आठवणहि पुसट झाली होती आणि तिच्या जागीं जें कर्ज येऊन बसलें होतें तेंच शत्रु ठरलें. सावकारांचीं नाकें कापलीं गेलीं, घरें लुटलीं गेलीं, कित्येक सावकार गांवें सोडून पळाले. याच 1844 सालीं दूर कोल्हापूर संस्थानांत सामानगड आणि भुदरगड येथल्या गडकऱ्यांनीं दरवाजे बंद करून बंड केलें. त्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे देण्याचा हुकूम झाला होता. या दोन उठावांचा एकमेकांशीं कांहीं संबंध होता असें मानण्याचें कारण नाहीं. पण दोन्हीकडे गडाचा राखणदारच उठला होता. 1848 च्या जानेवारीच्या 2 तारखेस लेफ्टनंट गेल यानें राघोजीला पंढरपुरांत पकडलें, आणि 2 मे रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्याला फांशी झाली.

आतां याच कथेचें दुसरें पान. 1857 च्या ऑक्टोबरच्या 4 तारखेस नांदूर शिंगोटें गांवाजवळच्या टेकड्यांत नगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री हा गोळी लागून ठार झाला. त्याच्यापुढें उभा असलेला भिल्लांचा नायक भागोजी नाईक हा पूर्वीं नगरच्याच पोलिसांतला अंमलदार होता. 1855 सालीं दंगा केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली होती, आणि पुढें सर्वांचीं हत्यारें काढून घेण्याचा हुकूम निघाला तेव्हां त्यानें गांव सोडलें. पुन्हां एक चाकरी सुटलेला शिपाई! हेन्रीच्या जागीं कॅप्टन नटल आला. त्याला हुकूम झाला कीं, कोळ्यांची एक पलटण उभारावी.

नटलनें भरती कशी केली हें मुद्दाम पाहण्याजोगें आहे. त्यानें बाजारांत दवंडी पिटून एकेकटा उमेदवार गोळा केला नाहीं. तो कुळांच्या नाईकांकडे गेला, आणि जो जितकीं माणसें आणील त्याला त्या मानानें हुद्दा देण्याचें वचन त्यानें दिलें. जुन्नर, अकोले आणि नाशिक या डोंगरी भागांतून माणसें आलीं. 1858 च्या जानेवारींत पन्नास जण आपल्या घरच्या तलवारी घेऊन तयार झाले. फेब्रुवारींत आणखी शंभर आले. त्या वर्षांत मागाहून आणखी 110 जणांची भर पडली. पलटणीचा मुख्य झाला जावजी नाईक बांबळे. शंभर वर्षांपूर्वीं ज्या जावजीनें पेशव्यांना दाद दिली नव्हती त्याचेंच नांव आणि त्याचेंच कूळ. दुसऱ्या क्रमांकाचा हुद्दा मिळाला तो राघोजी भांगऱ्याच्या भावाला. ज्या सरकारनें दहा वर्षांपूर्वीं त्याच्या भावाला फांसावर चढविलें, त्याच सरकारची नोकरी त्यानें पत्करली. याला कोणी लाचारी म्हणेल, कोणी व्यवहार म्हणेल. पण घरांतला एक कर्ता पुरुष गेल्यावर मागें राहिलेल्यानें कुळाचें नाईकपण परत मिळविण्याची संधि सोडावी, असें सांगण्याचा अधिकार ज्यांना तो प्रसंग कधीं आला नाहीं त्यांना कितपत आहे?

नगरच्या पोलिसांतले कवायत शिकविणारे आणले गेले, आणि या नव्या शिपायांनीं कवायत हां हां म्हणतां आत्मसात केली. गर्द हिरवें पागोटें, तसाच डगला, गुडघ्यापर्यंत तांबड्या रंगाचें धोतर आणि पायांत वहाणा असा त्यांचा वेष होता. बरोबर हलकी बंदूक. तंबू नाहीं, सामानाच्या गाड्या नाहींत. जें काय लागे तें पाठीवरच्या पिशवींत. अवघड डोंगरांतून दिवसाला तीस-चाळीस मैल चालणें त्यांना विशेष वाटत नसे, आणि त्यांची चाल स्कॉटलंडच्या डोंगरी शिपायांसारखी उसळती असल्याचें इंग्रजांनींच नोंदून ठेवलें आहे. चाळीस वर्षांपूर्वीं ज्या गुणांची गरज नाहीं म्हणून हे लोक घरीं पाठविले गेले, तेच हे गुण.

स्कॉटलंडची ही उपमा लिहिणाऱ्यानें सहज वापरली असेल. पण ती दिसते त्यापेक्षां खोल जाते. 1746 सालीं कलोडनच्या लढाईंत स्कॉटिश डोंगरी टोळ्यांचा मोड झाला आणि त्यांचीं हत्यारें काढून घेण्यांत आलीं. लॉर्ड लोव्हॅट या टोळीनायकाचा 1747 सालीं लंडन येथें शिरच्छेद झाला. आणि दहा वर्षांनीं, 1757 सालीं, त्याचा मुलगा सायमन फ्रेझर यानें त्याच इंग्लंडच्या राजासाठीं आपल्या लोकांची एक पलटण उभारली. ती कॅनडांत फ्रेंचांशीं लढली. तेथेंहि नायकानें माणसें आणावयाचीं आणि त्या मानानें हुद्दा घ्यावयाचा, हीच रीत होती. स्कॉटलंडांत उमगलेली गोष्ट सह्याद्रींत उमगण्यास बरोबर शंभर वर्षें लागलीं.

भागोजी नाईक 1859 च्या नोव्हेंबरच्या 11 तारखेस सिन्नर तालुक्यांत मिठसागरें येथें फ्रँक सूटरच्या तुकडीशीं लढतांना पडला. त्यानंतर कोळी पलटणीपुढें मोठें काम उरलें नाहीं, आणि 1861 च्या मार्च महिन्यांत ती मोडण्यांत आली. म्हणजे पुन्हां तोच प्रसंग! या वेळीं मात्र कोणी तलवार उपसली नाहीं. थोडे पोलिसांत शिरले, बाकीचे आपापल्या वाडींत परतून शेतीला लागले. असें कां व्हावें? एक कारण उघड आहे. तीन वर्षांची भरती मोडणें आणि पिढ्यांची चाकरी मोडणें यांत फरक आहे. पलटणींत येतांना घरचा नांगर कोणी मोडून आला नव्हता. शिवाय हे लोक सरकारची चाकरी बजावून, नांव मिळवून परतले होते. हांकलून दिलेले नव्हते.

कर्ज मात्र जागच्या जागीं होतें. 1873 सालीं होन्या भागोजी केंगले या कोळी नायकानें पुणें आणि नगरच्या पश्चिम भागांत सावकारांवर पुन्हां धाडी घालण्यास आरंभ केला. त्याच्यावर हजार रुपयांचें बक्षीस लागलें, पाठलागासाठीं खास पोलीस नेमले गेले. तरी तो तीन वर्षें सांपडला नाहीं. 1876 च्या जुलैमध्यें मेजर डॅनियलनें त्याला पकडलें.

अलंग आणि मदन या गडांच्या उडविलेल्या पायऱ्यांच्या जागीं आजहि सरळ तुटलेला कडा आहे. हौशी लोक दोर लावून तेथून चढतात, आणि वाट दाखविण्यासाठीं पायथ्याच्या गांवांतला कोणी जाणता माणूस बरोबर घेतात.