जामखेडच्या निरक्षर आरोग्य-सेविका

ज्युबिलीच्या प्रसंगीं गोरगरिबांच्या सेवेंत ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांचें स्मरण करण्याचा आपला परिपाठ आहे. अशा स्मरणांत धर्मगुरूंचीं, सिस्टरांचीं व दानशूर गृहस्थांचीं नांवें येतात, आणि तें योग्यच होय. परंतु प्रस्तुत लेखकास येथें ज्यांचा वृत्तांत सांगावयाचा आहे, त्यांपैकीं पुष्कळींना आपली सहीहि करतां येत नव्हती. आणि तरीहि त्यांच्या हातून जें कार्य झालें तें मोठमोठ्या इस्पितळांस साधलें नव्हतें.

अहमदनगर (आतांचें नांव अहिल्यानगर) जिल्ह्याच्या आग्नेय टोकास जामखेड तालुका आहे. पाऊस बेभरंवशाचा, पीक ज्वारीचें, आणि पोटासाठीं दरसाल घरदार सोडून ऊसतोडीस जाणारीं माणसें. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल हीं ह्या ठिकाणीं येऊन राहिलीं. उभयतां वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलीं. तीं प्रॉटेस्टंट होतीं, आपल्या पंथाचीं नव्हतीं. पण शेजाऱ्याचें चांगलें काम सांगण्यास त्याची आडकाठी कशास असावी?

जामखेडास येण्यापूर्वीं ह्या दांपत्यानें नेवासे तालुक्यांतील वडाळ्याच्या मिशन इस्पितळांत कांहीं वर्षें काम केलें होतें. तेथें त्यांस एक गोष्ट फार टोंचूं लागली. हगवणीनें सुकलेलें मूल बरें करून घरीं पाठवावें, तों थोड्याच दिवसांत तेंच मूल, नाहीं तर त्याचें भावंड, पुन्हां दारांत! औषध इस्पितळांत होतें, पण रोगाचें मूळ गांवच्या पाण्यांत, रिकाम्या चुलींत आणि अज्ञानांत होतें. तेव्हां अमेरिकेंत पुढील अध्ययन करून तीं परत आलीं, तीं इस्पितळाच्या भिंतींबाहेर जाण्याचा निश्चय करूनच.

आरंभीं त्यांनीं शिकलेल्या नर्सबाया खेडोपाडीं पाठविल्या. तो बेत फसला. परक्या गांवीं एकटें राहण्यास त्या तरुण मुली भीत, आणि ज्या पोरीस स्वतःचें लेंकरूं नाहीं तिनें आम्हांस बाळंतपण शिकवावें काय, असें गांवच्या सासवांस वाटे. मग गांवकऱ्यांशीं बोलतां बोलतां दुसरा मार्ग निघाला : गांवानेंच आपल्यांतील एक पोक्त, लेंकुरवाळी बाई निवडावी आणि तिला शिकवावें. निवडलेल्या बायांत दलित होत्या, विधवा होत्या, नवऱ्यानें टाकलेल्या होत्या. मला ह्या सर्व इतिहासांत हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. वैद्य आपली विद्या सहसा कोणास देत नाहीं. येथें पति-पत्नींनीं ती, जिला अक्षरओळख नाहीं अशा मजूर बाईच्या ओंजळींत घातली.

शिक्षण पुस्तकांतून नव्हतें. तें चित्रांतून, गाण्यांतून व पुन्हां पुन्हां म्हणवून घेण्यांतून होतें. दर आठवड्यास ह्या बाया जामखेडास येत, मुक्काम करीत आणि एकत्र जेवत. निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांनीं एका पंगतीस बसणें ही त्या काळीं व त्या भागांत सोपी गोष्ट नव्हती. प्रथम कुरबुरी झाल्या, आणि हळूहळू त्या मावळल्या. शिकावयाचें तरी काय? नवजात बाळाची नाळ विळ्यानें न कापतां उकळलेल्या पात्यानें कापावी. हगवण लागलेल्या मुलाचें पाणी तोडूं नये. उलट पाण्यांत साखर व मीठ घालून तें घोट घोट पाजावें. मुलाचें वजन करावें. लस टोंचून घेण्यास आयांस राजी करावें. क्षयाचा व कुष्ठाचा रोगी लपून राहिला असेल, तर त्यास हुडकून औषधावर आणावें. गांवीं परतल्यावर सायंकाळीं ती घरोघर हिंडे. नोकरीचा पगार तिला नव्हता. मिळे तें अल्पसें मानधन. कित्येक जणी पुढें बांगड्या, शेळ्या असा लहानसा धंदा करून पोट भरीत आणि हें काम चालवीत. हींच माउली मग मुलीचें लग्न इतक्या लवकर कां, तिला शाळेंत कां घालीत नाहींस, असें शेजारणीस विचारूं लागली.

पुरुषांकडेहि दुर्लक्ष झालें नाहीं. तरुण शेतकऱ्यांचीं मंडळें निघालीं, आणि गंमत अशी कीं त्यांच्या एकोप्याचा आरंभ बऱ्याच ठिकाणीं व्हॉलीबॉलच्या खेळानें झाला! १९७२ च्या भयंकर दुष्काळांत विंधन-विहिरी खणावयाच्या ठरल्या, तेव्हां डॉ. आरोळे ह्यांनीं युक्ति केली. पाणी दलितांच्या वस्तींतच लागेल अशी व्यवस्था पाहिली. तहान लागली म्हणजे सोंवळें किती वेळ टिकणार? ज्यांच्या स्पर्शानें पाणी बाटतें असें म्हणत, त्यांच्याच अंगणांतील हातपंपावर सगळा गांव घागरी घेऊन येऊं लागला.

परिणाम काय झाला तें आंकड्यांत सांगतों. १९७१ सालीं ह्या गांवांत जन्मलेल्या दर हजार बालकांमागें १७६ बालकें वर्षाच्या आंतच दगावत. १९७६ पर्यंत ही संख्या ५२ वर आली. १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथांत जामखेडचा वृत्तांत आला, आणि पुढें १९७८ च्या अल्मा-अता येथील परिषदेनें प्राथमिक आरोग्याचें जें तत्त्व जगापुढें मांडलें, त्याचा एक नमुना म्हणून जामखेडकडे बोट दाखविलें जाऊं लागलें. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. डॉ. मेबल १९९९ सालीं व डॉ. रजनीकांत २०११ सालीं निवर्तले.

२००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालें, आणि त्यांत गांवोगांव 'आशा' नांवाच्या सेविका नेमण्यांत आल्या. हजार वस्तीस एक, गांवचीच, लग्न झालेली. कल्पना ओळखीची वाटते. मात्र तिनें निदान आठवी इयत्ता उत्तीर्ण असावें असा नियम त्या वेळीं ठेवण्यांत आला. जामखेडच्या पहिल्या तुकडींतील पुष्कळ बाया ह्या नियमांत बसल्या नसत्या.